ऑफिसला सायकलने निघताय? आधी वाटेवरचे ट्रॅक ओळखायला शिका

सायकलने कामावर जायचं ठरवलं की बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात. सायकल कुठली घेऊ? आणि वाटेत ट्रॅक आहे का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. घरात धूळ खात पडलेली असेल तीच काढा, हवा भरा, ब्रेक आणि चेन कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून बघून घ्या. दुसऱ्याचं उत्तर नुसतं ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही. पुण्यात ‘सायकल ट्रॅक’ या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. त्यातल्या प्रत्येकीवर सायकल वेगळ्या पद्धतीने चालवावी लागते. ज्याला हा फरक माहीत नसतो तो पहिल्याच आठवड्यात घाबरतो आणि सायकल परत जिन्याखाली जाते. असं होताना मी अनेकदा पाहिलंय, आणि दर वेळी जिवाला लागतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

मी कोथरूडहून शिवाजीनगरला रोज सायकलने ये-जा करतो. एका बाजूने साधारण सात किलोमीटर, अर्ध्या तासाचं काम. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. ट्रॅक मधल्या भागात कितीही छान असला तरी तो सुरू कसा होतो, संपतो कुठे आणि चौकात आपल्याला कुणाच्या भरवशावर सोडतो, यावरच त्याची किंमत ठरते. पुढे जे जे सांगणार आहे ते वाचताना ट्रॅकच्या दोन्ही टोकांकडे लक्ष असू द्या.

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, तेव्हा ट्रॅक फारसे नव्हते, रस्तेच सायकलींचे होते. २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेनची व्यवस्था आली आणि तिच्यासोबत सातारा रस्त्याला ट्रॅक बांधले गेले. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचं रूप बदललं, फूटपाथ रुंद झाले, बाकं आली आणि फूटपाथच्याच पातळीवर सायकलची वाट आखली गेली. म्हणजे आज तुमच्या वाटेवर जे आहे ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कल्पनेने बांधलेलं आहे. म्हणूनच एकाच प्रवासात दर अर्ध्या किलोमीटरला ट्रॅकची जात बदलते.

आधी वाट बघून या

सोमवारी सकाळी नऊ वाजता थेट गर्दीत उतरू नका. आधीच्या रविवारी सकाळी सातच्या सुमारास ऑफिसच्या दारापर्यंत सायकलने जाऊन या. घाई नको, चहाला थांबत जा. ट्रॅक कुठे सुरू होतो, कुठे तुटतो, कुठल्या चौकात उजवीकडे वळायचंय, हे डोक्यात बसू द्या. मात्र रविवारी सकाळी टपऱ्या बंद असतात आणि पार्किंग विरळ असतं. म्हणून आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी हीच वाट बसने किंवा चालत एकदा बघा. सकाळी मोकळा दिसलेला ट्रॅक संध्याकाळी भेळेच्या गाड्या आणि लावलेल्या स्कूटरींनी भरलेला असू शकतो. तसं असेल तर जातानाची वाट एक आणि येतानाची दुसरी ठेवा. मी तसंच करतो.

रुंदी मोजायला टेप लागत नाही. सायकल ट्रॅकवर आडवी उभी करा. साधी मोठ्या माणसाची सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास लांब असते. ती ट्रॅकमध्ये आडवी मावून पुढेमागे थोडी जागा उरली, तर ट्रॅक साधारण दोन मीटरचा आहे. एका दिशेने जाणाऱ्या ट्रॅकला किमान तेवढी रुंदी हवी, दोन्ही दिशांनी वापर असेल तर तीन मीटर. सायकल आडवी मावत नसेल तर तिथे ओव्हरटेक करायचा नाही, पुढच्याच्या मागे शांत राहायचं.

पाट्यांचे तीन प्रकार ओळखून ठेवा. निळ्या गोलात पांढरी सायकल म्हणजे ही वाट सायकलींसाठी राखलेली. लाल कडेच्या गोलात सायकल म्हणजे सायकलींना बंदी, ही पाटी काही उड्डाणपुलांच्या तोंडाशी दिसते. लाल कडेच्या त्रिकोणात सायकल ही वाहनचालकांना दिलेली सूचना आहे की इथे सायकली रस्ता ओलांडतात. त्रिकोण दिसला की आपणही सावध व्हायचं, कारण तिथेच ट्रॅक रस्त्याला येऊन मिळत असतो.

नुसता रंगाचा पट्टा

सगळ्यात स्वस्त आणि चटकन होणारा प्रकार. डांबरावर पांढरी रेघ, कधी हिरवा किंवा लाल रंग, मधे सायकलचं चित्र. करोनाच्या काळात, २०२० मध्ये केंद्र सरकारने सायकलींना उत्तेजन देण्यासाठी शहरांमध्ये घेतलेल्या स्पर्धेच्या निमित्ताने नागपूर आणि पिंपरी-चिंचवडसह देशातल्या बऱ्याच शहरांनी सायकलींसाठी असे प्रयोग करून पाहिले. पट्ट्याचा खरा फायदा असा की आपण गाडीवाल्यांना सतत दिसत राहतो आणि डांबर गुळगुळीत असल्याने सायकल पळते. तोटा उघडच आहे. रंग कुणाला अडवत नाही.

या पट्ट्यात सगळ्यात मोठा धोका मागून येणाऱ्या गाडीचा वाटतो. प्रत्यक्षात डावीकडे उभ्या असलेल्या गाडीचा दरवाजा जास्त घात करतो. पट्टा आणि फूटपाथ यांच्या मधे पार्किंग असेल तर हे नीट समजून घ्या. मोटारीचा दरवाजा पूर्ण उघडला की जवळजवळ एक मीटर बाहेर येतो. तुमचं हँडल साधारण साठ सेंटीमीटर रुंद, म्हणजे तुमच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस. तेव्हा उभ्या गाड्यांपासून चाक सव्वा मीटरहून थोडं जास्तच दूर ठेवलंत तरच हँडल दरवाजाच्या टप्प्याबाहेर राहतं. त्यासाठी कधी पट्ट्याच्या उजव्या रेघेवरून, कधी तिच्याही बाहेरून जावं लागतं. जा. रंगाच्या आत राहायचं म्हणून दरवाजावर जाऊन आदळू नका.

उभ्या गाड्यांच्या मागच्या काचेतून आत कुणी बसलंय का ते बघायची सवय लावून घ्या. नुकतेच विझलेले ब्रेकलाइट, आरशात हललेलं डोकं, आत लागलेला दिवा, एवढं दिसलं की बोटं ब्रेकवर. आणि तुम्ही स्वतः मोटारीत मागे बसला असाल तेव्हा दरवाजा त्याच्या बाजूच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडा. आपोआप अंग वळतं, मान मागे जाते आणि येणारा सायकलवाला दिसतो. घरातल्या मुलांनाही हे शिकवा.

खांब किंवा दुभाजक लावून वेगळा केलेला ट्रॅक

नवख्या माणसाला हा सगळ्यात आवडतो, आणि ते बरोबरच आहे. रस्ता आणि आपण यांच्या मधे काहीतरी कठीण उभं असलं की मन निवांत होतं. पण खांब नेमकं कुणाला अडवतात ते लक्षात घ्या. ज्या फटीतून सायकल जाते त्याच फटीतून मोटरसायकलही जाते. खांब चारचाकी थांबवतात, दुचाकी नाही. ट्रॅकवर मोटार वाहन चालवायला कायद्याने मनाई आहे, तरी सिग्नलला रांग लागली की काही स्कूटरवाले आत घुसतातच. अशा वेळी वाद घालत मधे थांबू नका. डावीकडे सरकून त्यांना जाऊ द्या. सकाळी नऊ वाजता कुणाला शहाणं करायला आपण निघालेलो नसतो.

खांबाच्या फटीतून जाताना नजर खांबावर ठेवू नका, फटीच्या पलीकडे ठेवा. सायकल डोळे जिकडे तिकडे जाते. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवल्या असतील तर एक पिशवी वरती बांधा, नाहीतर ती खांबाला अडकून सायकल फिरते.

अशा ट्रॅकवर कचरा साठतो. रस्त्यावरची माती, काचा आणि खिळे गाड्यांच्या चाकांनी कडेला सरकतात आणि दुभाजकाआड अडकून राहतात. पंक्चर जास्त होत असतील तर टायरला दोष देण्याआधी ट्रॅकचा हा भाग तपासा.

फूटपाथच्या पातळीवरची वाट

जंगली महाराज रस्त्यासारखी. बघायला सुंदर, झाडांची सावली, गाड्यांपासून चांगलीच दूर. इथे सायकल वेगाने चालवायची नाही. माणूस फूटपाथवर असला की त्याला मागून वाहन येईल अशी अपेक्षाच नसते, आणि ती नसावीही. आजीबाई नातवाचा हात धरून चाललेल्या असतात, कॉलेजची मुलं फोनवर बोलत मधेच वळतात. त्यांचा हक्क आधीचा. चालण्याच्या दुप्पट वेग पुरे. घंटी लांबूनच हलकी वाजवा, अगदी जवळ जाऊन वाजवली तर माणूस दचकून नेमका आपल्यासमोर येतो.

पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा दिसतील. त्या अंध व्यक्तींना काठीने आणि पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या असतात. त्यांच्यावरून सायकल नेऊ नका, त्यांच्यावर लावूही नका. शिवाय ओल्या झाल्या की त्या चाकाला धरत नाहीत.

या प्रकारात खरी कसोटी गेटांची. प्रत्येक सोसायटीच्या, बँकेच्या, हॉटेलच्या दारापाशी वाट खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. मी एकदाच नीट पडलो आहे, तो अशाच ठिकाणी. उतार संपतो तिथे डांबर आणि फरशी यांच्यात दोन बोटांची पायरी राहिली होती. मी तिच्यावर तिरका चढलो. पुढचं चाक पायरीला घासत घसरलं आणि मी डाव्या कोपरावर. डबा उघडून भाजी रस्त्यावर. वेग दहाचाही नव्हता. तेव्हापासून कुठलीही कड, पायरी किंवा फट मी चाक सरळ काटकोनात घेऊन, बसणीवरून थोडं उठूनच ओलांडतो. तुम्हीही पहिल्या दिवसापासून असंच करा.

एकाच बाजूला दोन्ही दिशांचा ट्रॅक

जागा कमी असली की रस्त्याच्या एकाच अंगाला ट्रॅक करून येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांना त्यावर सोडतात. आरामाचा वाटतो, आणि म्हणूनच इथे जास्त सांभाळा. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येऊन डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे बघतो, कारण त्याच्यासाठी गाड्या तिकडूनच येतात. तुम्ही उलट दिशेने, म्हणजे त्याच्या डावीकडून येत असाल, तर तुम्ही त्याच्या हिशेबातच नसता. तो वाईट चालक नसतो, त्याची मान तिकडे वळतच नाही.

म्हणून या ट्रॅकवर उलट दिशेने जाताना प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पायडल थांबवा आणि चालकाचा चेहरा शोधा. नजरेला नजर भिडली तर पुढे. काचेवर ऊन चमकत असेल आणि चेहरा दिसत नसेल, तर त्यानेही आपल्याला पाहिलेलं नाही असं धरा आणि थांबा. ज्या दिशेने ट्रॅक वाहतुकीच्या उलट आहे तिकडचा प्रवास जरा सावकाश होणार, हे वेळेच्या गणितात आधीच धरून ठेवा.

ट्रॅक नसताना साध्या रस्त्यावर उलट जाणं ही वेगळी गोष्ट आहे. एकेरी रस्ता सायकललाही एकेरीच असतो. अंतर वाचतं म्हणून तो धोका पत्करू नका. उतरा, फूटपाथवरून सायकल ढकलत न्या. सायकल हातात धरून चालणारा माणूस पादचारीच असतो.

गल्ल्या, सर्व्हिस रोड आणि काहीच नसलेला रस्ता

ज्याला कुणी ट्रॅक म्हणत नाही तीच अनेकदा सगळ्यात चांगली सायकलची वाट असते. नळस्टॉपपासून मी कर्वे रस्ता सोडतो, लॉ कॉलेज रस्त्याचा तुकडा पार करतो आणि प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमध्ये शिरतो. तिथून भांडारकर रस्त्याकडे. अंतर थोडं वाढतं, पण बस नाहीत, गाड्या हळू आणि सकाळी झाडांखालून जाताना बुचाच्या फुलांचा सडा असतो. तुमच्या भागातही अशा गल्ल्या असणार. जुन्या रिक्षावाल्यांना किंवा पेपर टाकणाऱ्या पोरांना विचारा, त्यांना पाठ असतात. डेक्कनजवळचा नदीपात्रातला रस्ताही अनेक जण धरतात, मात्र खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बंद होतो. पावसाळ्यात निघण्याआधी बातमी बघा.

काहीच नसलेल्या मोठ्या रस्त्यावर अगदी कडेच्या गटाराला चिकटून जाऊ नका. कडेपासून पाऊण-एक मीटर आत राहा आणि सरळ रेघेत चाला. कडेला चिकटलं की मागचा गाडीवाला जागा आहे समजून घासून जातो, आणि आपल्याला चुकवायला डावीकडे जागाच उरत नाही. बीआरटीची लेन रिकामी दिसली तरी तिच्यात जायचं नाही. ती बसची आहे, आणि तिथे बस वेगात असते.

चौक

चौकात ट्रॅक बहुधा नाहीसा होतो. चौकाच्या वीस-तीस मीटर आधी मान वळवून मागे बघा आणि हात दाखवा, मगच जागा बदला. आरसा नसेल तर मान वळवण्याचा सराव आधी मोकळ्या मैदानात करा, नवख्याची सायकल मान वळली की त्याच बाजूला जाते.

डावीकडे वळणारी बस किंवा ट्रक पुढे असेल तर त्याच्या डाव्या अंगाला कधीही शिरू नका. चालकाला तो कोपरा दिसत नाही आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत येतात. त्याच्या मागे थांबा. हा एक नियम बाकी सगळ्यांपेक्षा वरचा.

उजवीकडे वळायचं असेल आणि रस्ता मोठा असेल तर रस्त्याच्या मधे जाऊन वळायची गरज नाही. दोन टप्प्यांत वळा. हिरव्या सिग्नलला डाव्या कडेने सरळ चौक पार करा. पलीकडच्या कोपऱ्यावर, आडव्या रस्त्याच्या थांबलेल्या गाड्यांच्या पुढे, पादचाऱ्यांचे पट्टे सोडून थांबा. सायकलचं तोंड उजवीकडे फिरवा. त्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की त्यांच्यासोबत सरळ निघा. एक सिग्नल जास्त लागतो, फार तर दीड-दोन मिनिटं. मी आजही मोठ्या चौकात असंच वळतो.

बसथांब्याशी ट्रॅक थांब्याच्या मागून जातो की पुढून, हे रविवारच्या फेरीतच बघून ठेवा. पुढून जात असेल तर बस लागल्यावर उतरणारी माणसं थेट ट्रॅकवर पाय ठेवतात. त्यांना आधी जाऊ द्यायचं.

पहिल्या पावसात

रंगवलेले पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकच्या फरशा, या तिन्हींवर पावसात ब्रेक मारायचा नाही आणि वळायचंही नाही. सरळ, न हलता पार व्हा. पाणी साचलेल्या ट्रॅकमध्ये शिरू नका, खाली उघडं चेंबर असू शकतं. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असतील तर बारीक टायर आत जातो, तिला वळसा घाला किंवा आडवी ओलांडा. मडगार्ड आणि मागचा लाल दिवा जूनच्या आधी बसवून घ्या. पावसात दिवसाही दिवा लावा.

आणि सगळं अंतर सायकलनेच कापायला हवं असं नाही. पुणे मेट्रोत सायकल नेता येते, तेव्हा मधला अवघड टप्पा मेट्रोने करून दोन्ही टोकांना सायकल वापरणं हा शहाणपणाचा मार्ग आहे.

तुटलेलं दिसलं की कळवा

तुटलेली झाकणं, उखडलेल्या फरशा, गायब खांब, हे सगळं महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर फोटोसह टाकता येतं. ‘अमुक रस्त्यावर खड्डा आहे’ एवढंच लिहिलं तर शोधणाऱ्यालाही सापडत नाही. जवळच्या दिव्याच्या खांबावर नंबर लिहिलेला असतो, तो तक्रारीत लिहा. फोटो दोन काढा, एक जवळून आणि एक लांबून, मागे दुकान किंवा वळण दिसेल असा. फोटोत बाजूला सायकल उभी ठेवली तर खड्ड्याचा आकार लगेच कळतो. काम झालं नाही तर त्याच जागेची तक्रार पुन्हा टाका, आणि त्या वाटेने जाणाऱ्या आणखी दोघांना टाकायला सांगा.

मी पडलो होतो त्या पायरीची तक्रार तीनदा टाकली होती. एका सकाळी तिथे सिमेंटचा हातभर उतार केलेला दिसला, अजून ओला, कुणीतरी वर विटा ठेवलेल्या. रात्रपाळी संपवून घरी जाणारे एक वॉचमन काका मला रोज त्याच ठिकाणी समोरून भेटतात. आधी ते तिथे उतरून सायकल उचलून घ्यायचे. आता न उतरता येतात, आणि जाता जाता घंटी वाजवतात.